मुखवट्याचा उलटतपास

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, रुळांवर एक माणूस बेशुद्ध पडला आहे आणि गाडी येते आहे. पडलेल्याचं नाव बुल्सआय. हाताला लागेल ती वस्तू फेकून अचूक जीव घेणारा सुपारीबाज. त्याच्या मेंदूत गाठ झाली आहे, त्यामुळे समोर येईल त्याच्यात त्याला आपला वैरीच दिसतो, आणि त्या भ्रमात त्याने वाटेत आलेली, काही देणंघेणं नसलेली माणसं मारली आहेत. ज्याला तो वैरी मानतो तो डेअरडेव्हिल तिथेच, दोन पावलांवर उभा आहे. त्याला काहीच करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. गाडी तिचं काम करून जाईल आणि त्याला कुणी जाब विचारणार नाही. तो घुटमळतो, आणि मग झेप घेऊन त्याला रुळांवरून बाहेर ओढतो.

फ्रँक मिलरने लिहिलेला 'डेअरडेव्हिल' या कॉमिकचा हा अंक १९८१ सालचा. बुल्सआयवर शस्त्रक्रिया होते, तो वाचतो. आणि तिथेच इस्पितळात एक पोलीस अधिकारी डेअरडेव्हिलवर भडकतो: हा उद्या बरा होऊन पुन्हा माणसं मारेल, तेव्हा ते रक्त कुणाच्या माथी? डेअरडेव्हिल सांगतो की हा मरावा असं मलाही वाटत होतं. पण असल्या माणसांच्या हाती जग जाऊ नये म्हणूनच समाजाने कायदा उभा केला आहे, आणि प्रत्येकाने आपापल्या हाताने निकाल लावायचं ठरवलं तर तो कायदाच कोसळेल. शिक्षा द्यायची तर ती समाजाने द्यावी. तुम्ही नाही, मी नाही.

मी वकील आहे. जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवते, बहुतेक आरोपीच्या बाजूने. त्यामुळे हे उत्तर मला वाचताक्षणी पटलं होतं. पण मिलर तिथे थांबला नाही. एप्रिल १९८२ च्या अंकात तोच बुल्सआय तुरुंगातून निसटतो आणि एलेक्ट्राला, म्हणजे डेअरडेव्हिलच्या कॉलेजच्या दिवसांतल्या प्रेमाला, तिच्याच शस्त्राने भोसकतो. ती सरपटत त्याच्या दारापर्यंत येते आणि त्याच्या हातांत जीव सोडते. कायदा तेव्हाही होता. तुरुंग होता, पहारेकरी होते, खटलाही रीतसर चालला असणार.

या दोन अंकांच्या मधल्या जागेत मी बरीच वर्षं उभी आहे.

डेअरडेव्हिल ज्यांनी वाचला-पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९६४ मध्ये स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी तो मार्व्हल या कॉमिक्स कंपनीसाठी घडवला. मॅट मर्डॉक हा मॅनहॅटनच्या पश्चिमेकडच्या हेल्स किचन या कष्टकऱ्यांच्या वस्तीतला मुलगा. ट्रकखाली येऊ घातलेल्या एका म्हाताऱ्याला वाचवताना किरणोत्सारी द्रव्य डोळ्यांत जाऊन तो अंध होतो, पण उरलेली ज्ञानेंद्रियं विलक्षण तीक्ष्ण होतात. वडील मुष्टियोद्धा. मुलाने मारामारीच्या वाटेला न जाता शिकून मोठं व्हावं असा त्यांचा ध्यास. ठरवून हरायची लढत ते हरत नाहीत, म्हणून त्यांचा खून होतो. मुलगा वकील होतो. दिवसा कोर्टात उभा राहतो, रात्री मुखवटा चढवून छपरांवरून धावतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट खटकते. त्याचं मुखवट्यातलं पहिलंच काम वडिलांच्या खुन्यांना गाठण्याचं आहे. खुनाचा सूत्रधार पाठलागात हृदयक्रिया बंद पडून मरतो, प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याकडून युक्तीने कबुली वदवून घेतली जाते. आपल्याच प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मॅटही ते शिकला असेल. तरी त्याच्या रात्रीच्या आयुष्याची सुरुवात नेमकी ते तत्त्व मोडूनच झाली, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींवर त्याची सावली आहे असं मला वाटतं.

माझ्या भाच्यामुळे मी याच्या नादी लागले. २०१५ साली आलेली मालिका तो आमच्याकडे सुट्टीत राहायला आला की लावायचा, आणि मी जेवणं आवरून शेजारी बसायचे. एकदा त्याने विचारलं, "मावशी, त्याला समोरच्याच्या छातीतले ठोके ऐकू येतात. खोटं बोललं की लगेच कळतं. मग याला कोर्ट कशाला पाहिजे?"

मुखवटाधारी नायकांबद्दल मी आजवर जे जे वाचलं त्यात इतका नेमका प्रश्न क्वचितच भेटला. एरवी चर्चा व्हायची ती मारावं की मारू नये याची. दुसऱ्या पर्वात, २०१६ साली, गच्चीवरचा तो गाजलेला प्रसंग आहे: गुन्हेगारांना सरळ ठार मारत सुटलेल्या पनिशरने डेअरडेव्हिलला साखळ्यांनी बांधलंय, त्याच्या हातात पिस्तूल चिकटपट्टीने गुंडाळून दिलंय, आणि समोर एका गुन्हेगारावर बंदूक रोखून तो म्हणतो, मला मार नाहीतर मी याला मारतो. दोघांचा वादही तोडीस तोड आहे. पनिशरचं म्हणणं असं की तू ज्यांना बडवतोस ते पुन्हा उठतात, मी ज्यांना पाडतो ते उठत नाहीत. प्रसंग रंगतदार आहे, मला मान्य. पण त्या वादात दोघांनीही एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: समोरचा माणूस गुन्हेगार आहे. त्यावर वाद नाहीच. आणि माझा सगळा धंदा त्याच एका वादावर चालतो.

एक काम सांगते. आठवडे बाजारात एका तरुणाला मोबाईलचोर म्हणून लोकांनी धरलं आणि पोलीस येईपर्यंत बदडलं. माझ्याकडे त्याचा बाप आला तेव्हा पोराचा डावा डोळा पट्टीखाली होता. चोरीला गेलेला मोबाईल त्याच्याजवळ सापडला नव्हता. दुसऱ्या कुणाकडे दिला असेल, असं तपासी अंमलदाराचं म्हणणं. फिर्यादी साधा, भला माणूस होता. पिंजऱ्यात येऊन हात जोडून उभा राहिला. आरोपीकडे बोट दाखवून म्हणाला, हाच तो. आवाजात कंप नाही, नजरेत चलबिचल नाही.

मी उलटतपासाला उठले.

मोबाईल कुठल्या खिशात होता? पँटच्या मागच्या. त्या वेळी तुम्ही काय करत होता? कांदे निवडत होतो. कांदे कुठे मांडले होते? खाली, पोत्यावर. म्हणजे तुम्ही वाकलेले होता? हो. खिशातून मोबाईल काढताना कुणाला पाहिलंत? नाही, हलकं लागलं म्हणून वळलो. वळलात तेव्हा मागे किती माणसं होती? बाजार होता ताई, गर्दीच होती. मग त्या गर्दीत हाच कसा? तो पळत होता.

तो पळत होता, कारण त्याच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी स्टँडच्या फाटकातून बाहेर पडत होती.

पुढचे प्रश्न नेहमीचे, आणि उत्तरं कारकुनाने नेहमीच्या साच्यात टंकली: "हे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीस चोरी करताना पाहिले नाही तरी संशयावरून त्याचे नाव सांगत आहे." तो माणूस निर्दोष सुटला. डोळा मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

आता त्या पिंजऱ्याजवळ डेअरडेव्हिलला उभा करा. त्याच्या कानांना काय ऐकू आलं असतं? फिर्यादीचे ठोके संथ, एका लयीत. तो खोटं बोलतच नव्हता, त्याला अगदी मनापासून तसं वाटत होतं. आणि आरोपीच्या छातीत धडधड. जमावाने अर्धमेला केलेला, पोलीस कोठडीत राहून आलेला पोरगा, न्यायाधीशांसमोर त्याचं काळीज शांत राहील कसं? ठोक्यांवर निकाल लावायचा असता तर तो मुलगा दोषी ठरला असता. खोटं आणि खरं यांच्यातला फरक डेअरडेव्हिलला ऐकू येतो, असं मानू. पण प्रामाणिकपणे चुकणाऱ्या माणसाची चूक त्याला ऐकू यायची नाही. माझ्या अनुभवात निरपराध माणसाच्या वाट्याला जी शिक्षा येते, ती लबाड साक्षीदारांपेक्षा असल्या प्रामाणिक, खात्री असलेल्या साक्षीदारांमुळेच जास्त वेळा येते.

भारतात हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग या चाचण्या आपल्याकडे बराच काळ सर्रास चालल्या. शरीर खोटं बोलत नाही, हीच त्यामागची श्रद्धा. ५ मे २०१० रोजी सेल्व्ही विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीच्या संमतीशिवाय यातली कुठलीही चाचणी करता येणार नाही. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे घटनेच्या २० व्या अनुच्छेदातलं संरक्षण त्यामागे आहे. डेअरडेव्हिल मात्र गल्लीत, दारूच्या गुत्त्यात, कोर्टाच्या दालनात, समोर येईल त्याची ही चाचणी त्याच्या नकळत करत असतो. संमतीचा प्रश्नच येत नाही.

हे कळल्यावर पहिल्या पर्वाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. दुसऱ्याच भागात तो एका गुंडाला गच्चीवर बांधतो. पळवलेलं एक लहान मूल सोडवायचं आहे, वेळ नाही. त्याच्या जखमा शिवणारी नर्स त्याला सांगते की डोळ्याजवळच्या अमुक नसेत सुरी घातली तर वेदना सहन होणार नाहीत. तो घालतो. माहिती मिळते, मूल सुटतं. पाहताना आपण श्वास रोखून त्याच्याच बाजूने असतो, मीही होते. पण हाच कबुलीजबाब पोलिसांनी अशा रीतीने मिळवून कोर्टात आणला असता, तर मॅट मर्डॉक नावाच्या वकिलाने उभं राहून तो फेटाळायला लावला असता. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरत नाहीत. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. दीडशे वर्षं, राज्यकर्ते बदलले तरी, ही तरतूद कुणाला काढावीशी वाटली नाही. वेदनेखाली माणूस खरं बोलतो असं नाही, वेदना थांबेल ते बोलतो, हे त्यामागचं शहाणपण आहे.

आणि मग येतो तिसरा भाग, ज्याने माझी झोप उडवली. मॅट आणि त्याचा भागीदार फॉगी एका खुन्याचं वकीलपत्र घेतात. हिली त्याचं नाव. त्याने एका माणसाला अतिशय क्रूरपणे मारलेलं आहे. मॅटला त्याचे ठोके ऐकून ते कळलेलंही आहे. तरी तो ज्यूरीपुढे उभा राहतो आणि सांगतो की हा माणूस चांगला की वाईट हे तुम्हाला विचारलेलं नाही, सरकारने आरोप सिद्ध केला का एवढंच विचारलं आहे. ते भाषण मी आमच्या ज्युनिअर मुलांना ऐकवलं आहे, इतकं ते नेमकं आहे. ज्यूरीचं एकमत होत नाही आणि हिली बाहेर पडतो. त्याच रात्री मुखवटा घातलेला मॅट रस्त्यात त्याला गाठतो आणि तुला कामाला कुणी लावलं ते सांग म्हणून झोडपतो. हिली नाव सांगतो, आणि ते नाव घेतल्याचा परिणाम काय होईल या भीतीने तिथेच कुंपणाच्या सळईवर डोकं आपटून जीव देतो.

सकाळी ज्याच्या वतीने बोललो, त्यालाच रात्री मारायचं? आपल्याच अशीलाला? हे पाहून मला जे वाटलं ते मी कुणा समीक्षकाच्या लेखात वाचलेलं नाही, कदाचित वकिलाशिवाय कुणाला वाटणारही नाही. माणूस वकिलाच्या ऑफिसात येतो, दार लावून घेतो आणि जे बायकोलाही सांगितलेलं नसतं ते सांगतो. ते आमच्याजवळून कुणी काढून घेऊ शकत नाही, कोर्टही नाही. एवढ्या एका भरवशावर सगळा डोलारा उभा आहे. रुळांवरून बुल्सआयला ओढून काढणाऱ्या डेअरडेव्हिलने कायदा वाचवला, असं मी मानते. हिलीला झोडपणाऱ्या डेअरडेव्हिलने तो आतून पोखरला. दोघंही एकच, आणि लिहिणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही, म्हणून मला या पात्राबद्दल आदर आहे.

मालिकेच्या पहिल्याच भागात चर्चमधली कबुली आहे. मॅट कॅथलिक आहे. धर्मगुरूपुढे बसून तो केलेल्या पापाची क्षमा मागत नाही, आता जे करणार आहे त्याची मागतो. आम्हा वकिलांच्या दृष्टीने तो अटकपूर्व जामिनाचाच अर्ज. पण अटकपूर्व जामिनाच्या अर्जालाही समोर सरकारी वकील असतो, तो हरकत घेतो. चर्चच्या त्या लाकडी कप्प्यात मार खाणाऱ्याच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती बोचते. २००२-०३ च्या अंकांत ब्रायन मायकल बेंडिसने लिहिलेली एक गोष्ट आहे. व्हाइट टायगर नावाने वावरणारा हेक्टर अयाला चोरी रोखायला जातो, तिथे एक पोलीस मारला जातो आणि खुनाचा आळ हेक्टरवर येतो. मॅट त्याचा वकील. हेक्टर निरपराध आहे हे मॅटला ठोक्यांवरून पक्कं ठाऊक आहे. पण ते तो कुणाला सांगणार? कुठल्या प्रतिज्ञापत्रावर लिहिणार? ज्यूरी हेक्टरला दोषी ठरवते. तो पळायचा प्रयत्न करतो आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. खरं काय ते नंतर बाहेर येतं. जगातलं सगळ्यात खात्रीचं ज्ञान एका माणसाजवळ होतं आणि कोर्टाच्या दारात त्याची किंमत शून्य होती.

असं शून्य मीही अनुभवलं आहे. एका सुनेच्या मृत्यूच्या खटल्यात मी आरोपींची वकील होते. शेजारीपाजारी एकामागून एक फितूर झाले. पोलिसांपुढे दिलेला जबाब वाचून दाखवला की "असा मजकूर मी सांगितला नाही" म्हणायचे आणि खाली उतरायचे. संशयाचा फायदा मिळाला, सगळे सुटले. मुलीची आई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. मी जवळून जाताना म्हणाली, "ताई, तुम्हाला तरी माहीत असंल की." मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी तेव्हा तिला सांगू शकत नव्हते आणि इथेही लिहू शकत नाही. त्या रात्री कुणी माझ्या हातात मुखवटा दिला असता तर मी तो खाली ठेवला असता, असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

म्हणून मुखवट्याची ओढ मला समजते. आणि १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात जे घडलं, त्यावर मी आजही चटकन बोलू शकत नाही. अक्कू यादव या गुंडाने कस्तुरबानगर वस्तीत वर्षानुवर्षं बलात्कार, खंडणी, खून यांचं राज्य चालवलं. बाया तक्रार घेऊन जायच्या आणि हात हलवत परतायच्या. त्या दिवशी त्याला कोर्टात आणलं तेव्हा वस्तीतल्या बायकांनी कोर्टातच त्याला ठार केलं. पोलीस अटकेला आले तेव्हा सगळ्यांनीच सांगितलं की आम्हा सगळ्यांना धरा. २०१४ मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना कायद्याबद्दल ऐकवण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्यासाठी कायदा कधी जागेवर आलाच नव्हता. शिवाय त्यांनी कान लावून काही ऐकलेलं नव्हतं, त्यांनी भोगलेलं होतं. आणि तोंडही झाकलं नव्हतं.

पण याच महाराष्ट्रात १ जुलै २०१८ चा रविवारही आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गाव, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश मोबाईलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि मारून टाकले. मारणाऱ्यांना खात्री होती. आपण लेकरं वाचवतो आहोत, असंच त्यांच्यातल्या अनेकांना वाटत असणार. गोसाव्यांना एकही प्रश्न धड विचारला गेला नाही: कुठले, कशाला आलात, कुणाला ओळखता. पाच मिनिटांचा उलटतपास त्यांना जगवायला पुरला असता.

आणि हैदराबाद. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे, एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या बार रूममध्येसुद्धा पेढे आले होते, आणि ते खाणारे सगळे कायदा शिकलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, मूळचे आपल्या विदर्भातले, आणि सदस्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा. २०२२ च्या मे महिन्यात अहवाल बाहेर आला. पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकिगत आयोगाला रचलेली वाटली. आणि चौघांपैकी तिघं घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असाही निष्कर्ष निघाला. वय! पहिल्या दिवशी शाळेचा दाखला मागवून कुठल्याही न्यायाधीशाने तपासली असती ती गोष्ट. त्या स्त्रीच्या घरच्यांनाही पुराव्यानिशी सिद्ध झालेला निकाल कधी मिळणार नाही. त्यांच्या वाट्याचं सत्यही त्या पहाटे गोळ्यांनी संपवलं.

मिलरला हे कळलं होतं असं मला वाटतं, कारण फेब्रुवारी १९८३ च्या अंकात त्याने डेअरडेव्हिलला अतिशय कठोर आरशापुढे बसवलं. एलेक्ट्राच्या खुनानंतर झालेल्या झटापटीत डेअरडेव्हिलने बुल्सआयचा हात उंचावरून सोडून दिला होता. आता बुल्सआय इस्पितळात लुळा पडलेला आहे, हलू-बोलू शकत नाही. डेअरडेव्हिल रिव्हॉल्व्हर घेऊन त्याच्या उशाशी बसतो. एकदा स्वतःच्या डोक्याला, एकदा त्याच्या. मधल्या वेळात बोलत राहतो. त्याला देव मानणाऱ्या एका लहान मुलाबद्दल सांगतो, जो बंदूक घेऊन शाळेत गेला आणि दुसऱ्या पोरावर गोळी झाडून आला. आपल्या वडिलांबद्दल सांगतो, ज्यांनी दारूच्या नशेत त्याच्यावर हात उगारला होता. त्या मारानंतर त्याला उमगलं की सगळ्यात चांगल्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो, म्हणून माणसाच्या वर नियम हवा. त्या रात्री त्याने कायद्याचा रस्ता धरला. शेवटी कळतं की रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीच नाही. मला त्या अंकातलं पिस्तूल आठवत नाही इतका तो बाप आठवतो. चांगल्या माणसाला चांगुलपणाची खात्री असते, आणि हात उगारताना ती खात्रीच त्याला थांबू देत नाही.

२०१९ मध्ये चिप झडार्स्कीने लिहायला घेतलेल्या अंकांत शेवटी ते घडतं जे घडायलाच हवं होतं. दुखापतीतून न सावरलेला डेअरडेव्हिल एका चोरीच्या ठिकाणी झटापट करतो आणि एक भुरटा चोर मरतो. सुरुवातीला तो मानायलाच तयार नसतो, माझ्या हातून असं होणार नाही म्हणतो. बऱ्याच पुढे, खूप फरफटीनंतर, तो स्वतःहून कायद्यापुढे हजर होतो, गुन्हा कबूल करतो आणि तुरुंगात जातो. मुखवटा घालूनच. वाचताना मला समाधान वाटलं आणि त्याच वेळी अस्वस्थही वाटलं, कारण शिक्षा भोगणाऱ्याचं नाव कोर्टाच्या दप्तरी आलंच नाही.

मुखवट्यासह हजर राहण्याची ही मुभा त्याआधी, २०१७ च्या सुमारास, चार्ल्स सोलच्या लेखणीतून आली होती. सोल स्वतः वकिली केलेला लेखक. त्याच्या कथेत मॅट थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन युक्तिवाद करतो की मुखवटाधारी नायकांना ओळख न सांगता साक्ष देता यावी, आणि जिंकतो. हेतू स्तुत्य आहे. रात्री पकडलेल्याला सकाळी पोलिसांच्या दारात बांधून ठेवायचं आणि पुराव्याअभावी तो सुटताना पाहायचं, यापेक्षा पिंजऱ्यात येऊन बोललेलं बरं. भाचा तर ते वाचून खूश झाला होता, म्हणाला, "बघ, आला की नाही कोर्टात?"

मी मात्र आरोपीच्या खुर्चीजवळून त्या पिंजऱ्याकडे पाहते. समजा तिथे तो लाल पोशाखातला साक्षीदार उभा आहे आणि माझ्या अशीलाकडे बोट दाखवून सांगतो आहे की याला मी पळताना पाहिलं. उलटतपासाला उठून मी काय विचारणार? फिर्यादीशी तुमचं नातं काय, हे विचारता येणार नाही, कारण ते सांगितलं तर ओळख फुटेल. माझ्या अशीलाशी तुमचं पूर्वीचं वैर आहे का, दिवसा तुम्ही त्याचेच किंवा त्याच्या विरोधकाचे वकील आहात का, हेही विचारता येणार नाही. मग मी त्या प्रश्नांकडे वळेन जे रात्रीच्या घटनेच्या प्रत्येक साक्षीदाराला, मग तो कुणीही असो, आम्ही विचारतोच. घटनेच्या जागी दिवा होता का? किती अंतरावरून पाहिलंत? मध्ये काही आडवं होतं का? तुम्हाला चष्मा आहे का, नजर कशी आहे? आणि या शेवटच्या प्रश्नाला सरकारी वकील उठून हरकत घेतील, साक्षीदाराची ओळख उघड होते म्हणून, आणि ती हरकत मान्य होईल. माझा अशील एका अंध माणसाने "पाहिलं" म्हणून तुरुंगात जाईल. कदाचित तो गुन्हेगारच असेल. पण साक्षीदाराला दिसत नव्हतं, हे त्या दालनात कुणाला, न्यायाधीशांनासुद्धा, कधी कळणार नाही.